‘त्यातली’ म्हणजे कशातली गं?

चिमणे,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हा इकडे साडेबारा वाजून गेले होते. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, आणि आई पलीकडच्या खाटेवरून विचारून राहिली, “काहून रडत होती गं ती?” मी म्हटलं, खोली नाही मिळाली. आईला तेवढं पुरलं. ती कूस बदलून झोपली. मी मात्र जागीच.

घरमालकीण मेलवर गोड बोलली, या म्हणाली. तू चाळीस मिनिटं ट्रेननं गेलीस. तिनं दार उघडलं, तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खोली सकाळीच गेली म्हणाली. संध्याकाळी जाहिरात जागच्या जागी. “ताई, ती काही वाईट बोललीसुद्धा नाही गं, नुसतं पाहिलं.” हे तू तीनदा म्हणालीस. शिवी दिली असती तर निदान सांगता आलं असतं कुणाला.

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेव, मेल पुसू नकोस. तिकडे जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. वंशावरून घर नाकारलं तर त्याखाली दाद मागता येते, पण दावा दोन महिन्यांच्या आत सांगावा लागतो. तुझ्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना सल्ला देणारं कुणीतरी असेलच, त्यांना जाऊन भेट. काही निष्पन्न होईल न होईल. पण ‘माझंच काहीतरी चुकलं असेल, मी नीट केस विंचरले नव्हते’ हे जे तू म्हणून राहिली होतीस नं, ते आधी बंद कर. केसांचा काय संबंध?

आता दुसरं. खरं तर याच्यासाठी लिहायला बसले.

रडणं थोडं ओसरल्यावर तू म्हणालीस की वरच्या मजल्यावर एक नागपूरची मुलगी राहते, तिनं स्वतःहून सांगितलं, महिनाभर माझ्या खोलीत राहा, गादी टाकू. मला किती बरं वाटलं. आणि मग तू आवाज बारीक करून म्हणालीस, “चांगली आहे गं. पण आडनाव लावत नाही, बाबांचंच नाव लावते. मला वाटतं, त्यातली असावी.”

त्यातली. म्हणजे कशातली गं?

तेव्हा मी काही बोलले नाही. रडणाऱ्या माणसाची चूक काढू नये, एवढं मला कळतं. पण तू बर्लिनमध्ये बंद खोलीत बसली होतीस, मराठीत बोलत होतीस, शेजारी समजणारं कुणी नव्हतं, आणि तरी तू आवाज बारीक केलास. अगदी आजीसारखा. आजीसुद्धा हा शब्द काढताना पदर तोंडाशी न्यायची. त्या बाईनं तुझ्याकडे दारात पाहिलं, आणि तू त्या नागपूरच्या मुलीच्या आडनावाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंस. मला दोन्हींत फार फरक दिसत नाही. फरक एवढाच की तुझी खोली गेली आणि तिची खोली तुला मिळून राहिली.

रागावू नकोस. मी काही वरून बोलत नाहीये. माझंही सांगणार आहे, थांब जरा.

तू ज्या शहरात आहेस तिथे आपली एक मराठी बाई जाऊन गेली आहे, तुला ठाऊक आहे का? इरावती कर्वे. आपण ‘युगान्त’वाल्या म्हणून ओळखतो. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. डाहलेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्राचं केंद्र वर्षभरापूर्वीच सुरू झालं होतं. ती इमारत आजही उभी आहे, जमलं तर बघून ये. तिथला मुख्य ऑयगेन फिशर. याच माणसानं पुढे नाझींच्या वंशशुद्धीला शास्त्राचा आधार पुरवला. त्यानं या बाईला काम काय दिलं, तर कवट्या मोजायचं. युरोपीय माणसांच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि ते त्यांच्या वरचढ बुद्धीचं लक्षण, असं त्याचं म्हणणं. ते आकड्यांनी सिद्ध करायचं.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून उचलून आणलेल्या कवट्याही होत्या. कुणाच्या होत्या, कुणाला विचारून आणल्या, हे सगळं वेगळंच. आणि मोजून झाल्यावर पंचविशीतल्या या नऊवारीच्या देशातून आलेल्या मुलीनं लिहून दिलं की कवटीच्या असमानतेचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या तोंडावर. मला त्यातलं धाडस तर आवडतंच, पण त्याहून जास्त काय आवडतं सांगू? त्यांनी ‘सगळी माणसं सारखी’ असं भाषण केलं नाही. पट्टी घेतली आणि मोजलं.

आणि मोजायची ही हौस फक्त जर्मनांची नव्हती बरं. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले, त्यानं नाकं मोजली होती. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा हिशेब. तुझं-माझं नाक धरलं तर आपण कुठे बसतो देव जाणे. इरावतीबाईंना मुंबईत शिकवणारे मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, त्यांनी १९३२ च्या पुस्तकात तो हिशेब तपासून मोडीत काढायला घेतला. बाबासाहेबांनी तर १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये हीच नाकांची मोजमापं मोजणाऱ्यांवरच उलटवली. पाहा म्हणाले, तुमच्याच आकड्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. इरावतीबाईंनी परत येऊन महाराष्ट्रातली माणसं मोजली, त्यांनाही जात आणि रक्त यांचा मेळ दिसला नाही. एका नावाखाली मोडणाऱ्या जातीसुद्धा एका रक्ताच्या नाहीत, वेगवेगळे गट एका नावात गोळा झालेत.

अलीकडचं सांगते. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली जनुकं तपासून सांगितलं की साधारण चार हजार ते एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत या देशातली माणसं एकमेकांत भरपूर मिसळत होती. मग ते थांबलं. लग्नाची दारं बंद झाली ती आजपर्यंत. मी हे नववीच्या वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे आधी चालत होतं?” सगळे हसले. मला त्याचा प्रश्न फार शहाणा वाटला. आधी चालत होतं, बाप्पा. म्हणजे जात आकाशातून पडलेली नाही. कुणीतरी दार लावलं आणि मग पिढ्यान्‌पिढ्या आपण कडी तपासत बसलो.

तर वंश असो की जात, कवटीत सापडत नाही, नाकात सापडत नाही, रक्तात सापडत नाही. मग असते कुठे? आपल्या घरी ती गोठ्यातल्या कोनाड्यात असायची. आठवते का तुला? तू लहान होतीस.

रोवणीच्या दिवसांत सकाळी दहाला मी चहाची किटली घेऊन बांधीवर जायची. पऱ्हे काढून झालेले, बाया चिखलात वाकून रोवून राहिल्या, गाणं चाललेलं. धुऱ्यावर पोहोचले की मी दोन पिशव्या काढायची. एकीत स्टीलचे ग्लास, दुसरीत चार कप, कान तुटलेले, एकावर निळं फूल. ग्लास कुणाला आणि कप कुणाला, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं. दहा वर्षांची होते मी. घरी आल्यावर ग्लास आतल्या मोरीत जायचे आणि कप त्या बाया स्वतःच पाटाच्या पाण्यात विसळून द्यायच्या, मी ते कोनाड्यात ठेवायची. त्या बाया आपल्या तांदळाचं एकेक रोप हातानं लावायच्या. तोच भात आपण खायचो, नैवेद्यालाही तोच. भाताला त्यांचा हात लागलेला चालायचा, ग्लासला चालायचा नाही. हे कधी कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

मग २००६ चं खैरलांजी झालं. मोहाडी तालुका, आपल्या मौद्याहून लांब ते किती. २९ सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली, आई आणि तीन लेकरं. मी तेव्हा कॉलेजात. पेपरात धडपणे यायला महिना लागला. नागपुरात मोर्चे निघाले, हायवेवर टायर जळाले. घरी जेवताना मी विषय काढला तर काका म्हणाले, “जमिनीचा वाद होता तो, जातीचं काही नाही त्यात.” पुढे भंडाऱ्याच्या न्यायालयात शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा काही लागला नाही, उच्च न्यायालयातही नाही. भय्यालाल भोतमांगे २०१७ ला गेले. मला तेव्हापासून ‘जातीचं काही नाही त्यात’ हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. म्हणून तू परवा शेवटी म्हणालीस नं, “ताई, मी ठरवलंय, आता मी रंग, वंश, जात काही पाहणारच नाही, माणूस तेवढा पाहणार,” तेव्हा मी हो-हो केलं खरं, पण मनात म्हटलं, हे इतकं सोपं असतं तर त्या घरमालकिणीनंही म्हटलं असतं. विचारून बघ, तीही म्हणेल मी रंग पाहत नाही.

न पाहण्याची सोय ज्याला टोचत नाही त्यालाच असते. शाळेत जात प्रमाणपत्राच्या दिवसांत स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, हे कागदच बंद करा, जात आपोआप जाईल. मी त्यांना शेतातलंच उदाहरण देते. पैसेवारी पन्नासच्या आत लागली म्हणून दुष्काळ पडतो का हो? आधी धान करपतं, मग पैसेवारी लागते. कागद फाडल्यानं बांधीत पाणी येत नाही.

आणि तू सावळी म्हणून तुला घरात काय काय ऐकावं लागलं ते मी विसरले नाही. तू झालीस तेव्हा आजी म्हणाली होती, “रंग बापावर गेला, नाक तरी आईचं घेतलं म्हणा.” बेसन, हळद, दुधाची साय, आत्याने आणलेली ती क्रीमची ट्यूब. त्या क्रीमनं २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड मारला गेला, त्या हलकल्लोळात इकडे आपल्या आत्याच्या ट्यूबवरचं नाव बदललं, जग असं चालतं. पण ट्यूब तीच. तुझ्यासाठी स्थळ पाहायला लागतील तेव्हा बायोडाटात ‘गव्हाळ’ लिहितील, बघ. घरमालकिणीनं जो रंग पाहिला तो आधी आपल्याच ओसरीवर पाहिला गेला होता. तेव्हा तू रडली नाहीस, कारण ती माणसं मायेनं बोलायची.

आपल्या गावातही बघ की. थर्मल झाल्यापासून, २३२० मेगावॅटचं ते धुरांडं, बिहारी, ओडिया, छत्तीसगडी किती माणसं आली. भाड्यानं खोली देताना काय विचारतात? “बिहारी नको हां, दहा जण झोपतात एका खोलीत.” हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकणारे तिबेटी, गोंदियातल्या गोठणगावला त्यांची वस्ती १९७२ पासून आहे, तिथेच जन्मलेली पोरं आपल्यासारखी मराठी बोलतात, आणि आपण त्यांना काय म्हणून हाक मारायचो ते लिहायलाही लाज वाटते. दारातून परत गेलेली माणसं मौद्यातही आहेत, चिमणे. फक्त ती मेल पाठवून येत नाहीत.

तसं चांगलंही आहे. परमात्मा एकचा आश्रम आहेच आपल्याकडे. बाबा जुमदेवजींचा मानव धर्म. सेवक एकमेकांना नमस्कारजी म्हणतात तेव्हा समोरच्याचं आडनाव विचारत नाहीत. किती घरांतली दारू त्यानं सुटली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि दसऱ्याला हायवेवरून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्या. पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे लाखोंनी धर्म बदलला, आपण इतके जवळ राहून त्या दिवशी फक्त ‘ट्रॅफिक जाम’ म्हणतो. मी पहिल्यांदा दीक्षाभूमीच्या आत गेले ती वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शाळेची सहल घेऊन. काशी-प्रयाग झालं होतं तोवर.

तुला वाटेल ताई कुठलं कुठे नेते. पण हे एकमेकांत गुंतलेलंच आहे गं. जोतिरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली तिकडच्या डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेला अर्ज मला पाहायला मिळेल का. ज्यांना दारातून परत पाठवलं गेलं त्यांनी एकमेकांचे पत्ते केव्हाच शोधले होते. आणि आपली माणसं परदेशी जाताना लोणच्याबरोबर जातही बांधून नेतात हे आता तिकडच्यांनाही कळलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घालावी लागली. जात कुणाच्या सामानातून गेली तिकडे?

त्या मुलीनं आडनाव का सोडलं असेल याचा एकदा विचार कर. तुला एका दारात परत पाठवलं तर तू केसांना दोष दिलास. तिला आडनावानं किती दारांतून परत पाठवलं असेल की तिनं ते पासपोर्टवरूनच काढून टाकलं. किंवा नसेलही तसं. तिच्या आजोबांनी सोडलं असेल, तिला तेच आवडत असेल. इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ नावाचा लेख तुला अकरावीत वाचायला दिला होता, आठवतो? सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, यांची पत्नी अशी करून देतात, आणि शेवटी रस्त्यावरची पोरं ‘आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ म्हणतात तेव्हा बाईंना पुरं वाटतं. मला तो लेख आवडतो, पण खरं सांगू, आता वाचताना वाटतं, जिला आपली ओळख अशी हसत-खेळत निवडता येते तिचं नशीब थोर. सगळ्यांना कुठे मिळते ती चैन?

आता माझं. सांगते म्हटलं होतं नं.

या वर्षी रोवणीला सुट्टी काढून मी घरी होते. गोठा पाडला तेव्हा ते कप आईनं जपून माळ्यावर ठेवले होते, माळा आवरताना हाताला लागले. निळ्या फुलाचा अजून शाबूत. मी ते उकिरड्यावर टाकले आणि बांधीवर एकसारखे स्टीलचे ग्लास घेऊन गेले. मनातून फार मोठं काम केल्यासारखं वाटून राहिलं होतं, खोटं कशाला बोलू. चहा ओतला, सगळ्यांना दिला. आपल्याकडे आपल्या लहानपणापासून येणाऱ्या त्या म्हाताऱ्या मावशी, ज्यांच्या हाताखाली आज पंधरा बाया रोवतात, त्यांनी ग्लास हातात घेतला, खालीवर पाहिला. मला वाटलं आता काहीतरी गोड म्हणतील.

त्या म्हणाल्या, “कप फुटले वाटते.”

मी म्हटलं, नाही मावशी, टाकले मीच. आता सगळे सारखेच.

त्यांनी चहा संपवला. ग्लास पाटात विसळला, सवयीनं. मला परत देताना म्हणाल्या, “ताई, चाळीस वर्सं झाली तुमच्या घरचा चा पिऊन राहिली मी. कपात दिला कपात पेली, गिलासात दिला गिलासात पेली. तुमी कवा येता आमच्या घरी चा प्याले?”

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले. आणि मग चिमणे, पायातला चिखल जड झाला माझ्या. चाळीस वर्षांत आपल्या घरातलं कुणीही त्यांच्या अंगणाच्या पुढे गेलेलं नाही. बाबा मजुरी द्यायला जायचे तेही सायकलवरूनच हाक मारायचे. देणारे आपण, किटली आपली, ग्लास आपले, कप टाकायचे की ठेवायचे तेही आपणच ठरवायचं. त्यांच्या हातचं घ्यायची वेळ आपण कधी येऊच दिली नाही.

म्हणून तुला सांगते, त्या मुलीला तुझ्याकडे जेवायला बोलावण्याची घाई करू नकोस. आधी तू तिच्याकडे जा, गादी घेऊन जा. ती जे रांधेल ते खा, भांडी घास, कपाट अर्धं मागून घे, भांडण झालं तर भांड. आडनावाचं विचारू नकोस, ती सांगेल तेव्हा ऐक. आणि आवाज बारीक करू नकोस.

भिवापुरी तिखटाच्या दोन पुड्या कुरिअर करते आहे, एक तिची. सोबत वडीही आहे, आईनं केलेली.

मावशींकडे मी रविवारी जाणार आहे, सकाळी नऊला. आईला अजून सांगितलं नाही.